खोबरेल तेल खाण्यात आणण्यापूर्वी: कोलेस्टेरॉल आणि दाह यांचा हिशेब घरच्या घरी कसा मांडावा

मराठवाड्यातील घरांत खोबरेलाची बाटली आरशाजवळ असते आणि करडईच्या, शेंगदाण्याच्या किंवा अलीकडे सोयाबीनच्या तेलाची किटली चुलीजवळ. गेल्या काही वर्षांत ही मांडणी बदलू लागली आहे. ‘सकाळी उपाशीपोटी दोन चमचे खोबरेल घ्या, कोलेस्टेरॉल उतरेल, अंगातील सूज ओसरेल’ असा सल्ला मोबाईलवरून घरोघरी पोहोचला असून, लाकडी घाण्याच्या नव्या दुकानांत खाण्यासाठी म्हणून खोबरेल मागणारी गिऱ्हाइकेही दिसू लागली आहेत. मी परभणीत आहारविषयक सल्ला देण्याचे काम करते. हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो आणि तो विचारणारी माणसे बहुधा अशी असतात की ज्यांच्या रक्ततपासणीत काहीतरी वाढलेले आढळले आहे, ज्यांना गोळी सुरू करण्याची भीती वाटते आणि ज्यांना घरातलाच एखादा उपाय हवा आहे. या भीतीचा मी आदर करते. म्हणूनच ‘खा’ किंवा ‘खाऊ नका’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवणे मला योग्य वाटत नाही.

जिंतूर तालुक्यातील माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला. जेवणात काहीही न बदलता त्यांनी रोज सकाळी दोन मोठे चमचे खोबरेल कोमट पाण्यासोबत घेण्यास सुरुवात केली. त्याआधीच्या तपासणीत त्यांचे एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे, ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) १०० मिलिलिटर रक्तात १२४ मिलिग्रॅम होते, चार महिन्यांनी ते १४७ भरले. मी तेल बंद करण्यास सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अगं, सगळे तर चांगलं म्हणतात, मग माझंच कसं वाढलं?” तेल बंद केल्यावर आठ आठवड्यांनी आकडा १२६ वर आला. एका माणसाच्या तीन आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मामांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधताना मी हिशेबाची जी रीत बसवली ती येथे सविस्तर देत आहे.

तेलात नेमके काय असते

पहिली गोष्ट, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसते. त्यामुळे बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे लिहिलेले असले तर ते खरे आहे, पण त्याचा निवडीला काडीचाही उपयोग नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृत तयार करते, आणि ते रक्तातून परत उचलून घेण्याचे कामही यकृतच करते. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मेदाम्ले (सॅच्युरेटेड फॅट) अधिक प्रमाणात खाल्ली की या ग्राहकांचे काम मंदावते, कण रक्तात जास्त काळ फिरत राहतात आणि तपासणीतील एलडीएलचा आकडा चढतो. म्हणून तेलात कोलेस्टेरॉल किती, असे न विचारता संपृक्त मेदाम्ले किती, असे विचारावे.

खोबरेलात ती ८० टक्क्यांहून अधिक असतात, बहुतेक नमुन्यांत ९० टक्क्यांच्या आसपास. तुपात ती साधारण ६० ते ६५ टक्के, पामतेलात ५० टक्क्यांच्या जवळपास, शेंगदाणा तेलात १७ ते २० टक्के, सोयाबीन आणि तीळ तेलात १५ टक्क्यांच्या आसपास, तर करडईच्या तेलात १० टक्क्यांहूनही कमी असतात. थंडीत, पारा २४ अंशांच्या खाली गेला की, खोबरेल बाटलीत गोठते त्याचे कारण हेच. ते गोठले म्हणजे शुद्ध आहे असा एक समज आहे आणि ते रक्तवाहिन्यांतही तसेच गोठते असा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत; दुसरा तर शक्यच नाही, कारण शरीराचे तापमान ३७ अंश असते आणि तेल पचनानंतर मूळ स्वरूपात रक्तात उतरतच नाही.

खोबरेलाचे समर्थक येथे एक मुद्दा मांडतात आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. खोबरेलातील निम्म्याच्या जवळपास भाग लॉरिक आम्लाचा असतो. हे आम्ल रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात ‘मध्यम साखळीचे’ मानले जाते, आणि मध्यम साखळीची मेदाम्ले थेट यकृतात जाऊन लगेच जळतात, त्यामुळे ती चरबी म्हणून साठत नाहीत, असे सांगितले जाते. हे वर्णन साखळीत ८ आणि १० कार्बन अणू असलेल्या आम्लांना लागू पडते. १२ कार्बनचे लॉरिक आम्ल मात्र शोषणाच्या वेळी बरेचसे लांब साखळीच्या आम्लांसारखे वागते; त्याचा मोठा भाग लसिकावाहिन्यांच्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) मार्गाने, इतर चरबीसोबतच रक्तात येतो. जे प्रयोग ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाम्लांच्या, तेलावर झाले, त्या तेलात ८ आणि १० कार्बनची आम्लेच प्रामुख्याने असतात; खोबरेलात ती दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आसपासच भरतात. एका तेलावरील निष्कर्ष दुसऱ्या तेलाच्या बाटलीवर चिकटवण्याची ही चूक मला सर्वाधिक वेळा आढळते, शिकलेल्या माणसांतही.

माणसांवरील चाचण्या काय सांगतात

२०२० मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकात १६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या जागी खोबरेल खाल्ले असता एलडीएल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने वाढले आणि एचडीएल (‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढले, असे त्यात दिसले. पामतेलाशी तुलना केली असता एलडीएलमधील वाढ २० मिलिग्रॅमच्या घरात होती. हे सरासरीचे आकडे आहेत. कोणाला याहून कमी फरक पडतो, कोणाला जास्त.

एचडीएल वाढते ना, मग नफा-तोटा सारखाच झाला, असा युक्तिवाद यावर केला जातो. एकेकाळी वैद्यकशास्त्राचीही तशीच आशा होती. परंतु एचडीएल वाढवणारी औषधे तयार करून ती हजारो रुग्णांना दिली गेली तेव्हा आकडा वाढला, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. त्यातील एका औषधाची चाचणी तर मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये थांबवावी लागली. जन्मतःच जनुकीय कारणाने एचडीएल जास्त असलेल्या लोकांच्या अभ्यासातूनही अपेक्षित संरक्षण दिसले नाही. याउलट एलडीएल कमी केल्याचा फायदा वारंवार सिद्ध झालेला आहे: ते ३९ मिलिग्रॅमने उतरवले की हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे प्रसंग साधारण एक पंचमांशाने कमी होतात. म्हणून एचडीएलमधील चार मिलिग्रॅमच्या बदल्यात एलडीएलमधील दहा मिलिग्रॅम पत्करणे हा सौदा मला पटत नाही.

तरीही पुरावा एकाच बाजूला झुकलेला आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ५० ते ७५ वर्षे वयाच्या ९४ निरोगी व्यक्तींना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल देण्यात आले. त्यात लोण्याने एलडीएल वाढवले, खोबरेल आणि ऑलिव्ह तेल यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. केरळमध्ये हृदयविकाराच्या २०० रुग्णांवर दोन वर्षे झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंपाकासाठी खोबरेल वापरणारे आणि सूर्यफूल तेल वापरणारे यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये त्यातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून आनंद होण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की ते रुग्ण नियमित औषधोपचारावर होते, आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या यकृतावरील त्याच ग्राहकांची संख्या वाढवतात ज्यांचे काम संपृक्त मेदाम्ले मंदावतात. गोळी बंद करून तेल सुरू करण्याला त्या अभ्यासातून कोणताही आधार मिळत नाही.

केरळ, कोकण आणि पॅसिफिक बेटांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील लोकांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास खरोखरच विलक्षण आहे: टोकेलाऊमध्ये आहारातील ऊर्जेपैकी सुमारे ६३ टक्के आणि पुकापुकात सुमारे ३४ टक्के ऊर्जा नारळातून येत होती, तरीही रक्तवाहिन्यांचे विकार दोन्हीकडे कमी होते. पण ते लोक खोबरे तंतूंसकट खात, सोबत मासे खात, साखर आणि मैदा फारसा खात नसत. शिवाय नारळ जास्त खाणाऱ्या टोकेलाऊकरांचे कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा जास्तच होते. आपल्याकडे खोबरेल येते ते बाटलीतून, आणि ते भजी, चिवडा व चहासोबतच्या बिस्किटांच्या जोडीला येते.

दाहाचा मुद्दा

‘अंगातील सूज’ हा शब्द लोक फार सैलपणे वापरतात. गुडघ्याची सूज, पायावर चढणारे पाणी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील मंद, न जाणवणारा दाह या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या प्रकाराचा अंदाज घेण्यासाठी एचएस-सीआरपी ही तपासणी केली जाते. तिचा आकडा लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त मानला जातो. १० च्या वर गेला तर अंगात कुठेतरी ताजा संसर्ग किंवा इजा आहे असे समजून बरे झाल्यावर ती पुन्हा करावी लागते.

खोबरेल दाह कमी करते हा दावा मुख्यतः उंदरांवरील आणि परीक्षानळीतील प्रयोगांवर उभा आहे, आणि त्यातही न तापवता काढलेल्या ‘व्हर्जिन’ तेलातील अल्प प्रमाणातील घटकांवर. माणसांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या असता खोबरेलाने दाहाच्या खुणांमध्ये लक्षणीय घट किंवा वाढ झालेली दिसत नाही. वर उल्लेखलेल्या २०२० च्या आढाव्याचाही निष्कर्ष हाच होता. म्हणजे या बाबतीत खोबरेल अपायकारक नाही, पण औषधही नाही. ज्यांना एचएस-सीआरपी खरोखर खाली आणायचे आहे त्यांनी आधी तंबाखू, गुटखा आणि मिस्री सोडावी, पोटाचा घेर कमी करावा आणि हिरड्या दाखवाव्यात. हिरड्यांतील जुनाट संसर्गाने हा आकडा वर राहतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

याच संदर्भात आपल्या करडईवर एक आरोप केला जातो. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, सुमारे ७५ टक्के असते आणि ओमेगा-६ मुळे दाह वाढतो, असे म्हटले जाते. निरोगी माणसांवरील १५ चाचण्यांचा आढावा २०१२ मध्ये घेतला गेला तेव्हा लिनोलिक आम्ल वाढवल्याने दाहाच्या खुणा वाढल्याचे आढळले नाही. परंतु मला करडईचीही एकतर्फी वकिली करायची नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोगी पुरुषांवर झालेल्या चाचणीत संपृक्त चरबीच्या जागी करडईचे तेल आणि त्यापासून बनवलेले मार्गारीन (लोण्याऐवजी वापरायचा घट्ट मेद) दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले, असे २०१३ मधील फेरविश्लेषणात दिसले. त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स चरबी (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) असण्याची शक्यता लक्षात घेतली तरी, रोज फक्त एकच तेल मुबलक प्रमाणात वापरू नये एवढा धडा त्यातून मी घेतला आहे. माझ्या घरी करडई आणि शेंगदाणा आलटूनपालटून असतात, आणि ओमेगा-३ साठी जवसाची चटणी असते.

हिशेब कसा मांडावा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त मेदाम्लांमधून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. ज्यांचे एलडीएल आधीच वाढलेले आहे त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन ५ ते ६ टक्क्यांची, म्हणजे ११ ते १३ ग्रॅमची मर्यादा सांगते. खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १४ ग्रॅम तेलात, सुमारे १२ ग्रॅम संपृक्त मेदाम्ले आणि १२० कॅलरी असतात. मामांच्या दोन चमच्यांनी २४ ग्रॅम भरले होते. न्याहारीपूर्वीच संपूर्ण दिवसाची मर्यादा ओलांडली गेली होती.

यापुढचा भाग मराठवाड्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपण खोबरेल खात नाही असे आपल्याला वाटते, पण सुके खोबरे खातो. काळ्या मसाल्यात, येसरात, वांग्याच्या भाजीच्या वाटणात आणि मटणाच्या रश्श्यात ते असते. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या सुमारे ६५ टक्के तेल असते. चौघांच्या रश्श्यासाठी ५० ग्रॅम खोबरे भाजून वाटले तर त्यात ३२ ग्रॅमच्या आसपास तेल आले, म्हणजे माणशी ८ ग्रॅम, आणि त्यातील ७ ग्रॅम संपृक्त. वर तरंगणारी तर्री केवळ फोडणीच्या तेलाची नसते. त्याच दिवशी म्हशीचे २०० मिलिलिटर निर्जळ दूध घेतले तर आणखी ८ ग्रॅम, भाकरीवर किंवा वरणावर चहाचा एक चमचा तूप घेतले तर ३ ग्रॅम, आणि दिवसभरात २० ग्रॅम शेंगदाणा तेल पोटात गेले तर साडेतीन ग्रॅम. बेरीज साडेएकवीस होते. वेगळे खोबरेल घेण्याआधीच त्या दिवशीचे २२ ग्रॅमचे माप भरलेले असते.

म्हणून घरात वही घ्यावी आणि सलग सात दिवस फक्त चार गोष्टी लिहाव्यात: तेल, तूप, दूध व सुके खोबरे. वापरण्याच्या भांड्यात ओतण्यापूर्वी तेल एकदाच मोजावे आणि आठवड्याच्या शेवटी उरलेले वजा करावे; रोज चमचे मोजत बसण्यापेक्षा हे सोपे जाते आणि चुकाही कमी होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरींच्या थाळीत तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चौघांच्या कुटुंबाचा महिन्याचा हिशेब त्यावरून सव्वातीन किलोच्या, म्हणजे साधारण साडेतीन लिटरच्या आसपास येतो. ज्या घरात पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो त्या घराने कोणते तेल, हा प्रश्न विचारण्यापूर्वी किती तेल, हा प्रश्न सोडवावा.

त्यानंतर एकच प्रश्न उरतो: खोबरेल कशाच्या जागी येणार आहे? वनस्पती तुपाच्या जागी येत असेल तर बदल वाईट नाही, जरी ट्रान्स चरबीवर २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा असल्याने आजचे वनस्पती तूप पूर्वीइतके घातक राहिलेले नाही. तुपाच्या जागी येत असेल तर फारसा फायदा धरू नये. करडई, शेंगदाणा, तीळ किंवा सोयाबीनच्या जागी येत असेल तर एलडीएल वाढण्याची शक्यता धरून चालावे. आणि कशाच्याही जागी न येता वरून घेतले जात असेल, जसे मामांनी घेतले, तर वाढत्या एलडीएलसोबत वजनही वाढू शकते. महिन्यातून दोन-चार वेळा नारळी चवीचा पदार्थ खोबरेलात केला तर निरोगी माणसाने त्याची चिंता करू नये.

रक्ताची तपासणी कशी करावी आणि कशी वाचावी

ज्यांना तरीही खोबरेल वापरून पाहायचे आहे त्यांनी डॉक्टरांना सांगून, आधी आणि नंतर मोजून पाहावे. पहिली लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातील इतर चरबीची तपासणी) तेल सुरू करण्यापूर्वीची हवी. ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर महिनाभर थांबावे, कारण आजारपणात एलडीएल तात्पुरते खाली येते आणि मूळ आकडा फसवा मिळतो. लग्नसराईच्या किंवा महिनाभराच्या उपवासाच्या लगेच नंतरचा आकडाही रोजच्या आहाराचा नसतो. दोन्ही वेळी प्रयोगशाळा एकच असावी, आणि पहिल्या वेळी १२ तास उपाशी राहून रक्त दिले असेल तर दुसऱ्या वेळीही तसेच द्यावे. आहारातील बदलाचा परिणाम चार ते सहा आठवड्यांत बराचसा दिसून येतो, तेव्हा दुसरी तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. या काळात दुसरे काहीही बदलू नये. नवीन चालणे सुरू केले आणि चहातील साखरही सोडली, तर कोणत्या गोष्टीने काय झाले हे कळणार नाही.

अहवालातील एलडीएल अनेकदा मोजलेले नसून गणिताने काढलेले असते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील आणखी एका प्रकारच्या चरबीचा) पाचवा भाग वजा करतात. समजा एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ४४ आणि ट्रायग्लिसराइड १८० आहे. तर एलडीएल २१२ वजा ४४ वजा ३६, म्हणजे १३२ आले. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही आणि एलडीएल थेट मोजून घ्यावे लागते. याहून सोपा आणि अधिक भरवशाचा आकडा म्हणजे नॉन-एचडीएल, जो एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून मिळतो. वरील उदाहरणात तो १६८ आहे. आपल्याकडे पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढलेली माणसे पुष्कळ असल्याने मी हा आकडा आवर्जून पाहते.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्या व्यक्तीचे एलडीएल १०० च्या आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारख्या जास्त धोक्याच्या गटासाठी ते अनुक्रमे ७० आणि १०० च्या खाली, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अतिधोक्याच्या गटासाठी ५५ आणि ८५ च्या खाली असावे. म्हणजेच अहवालाच्या कडेला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा प्रत्येकाला लागू होत नाही.

एकाच माणसाचे एलडीएल, आहार अजिबात न बदलता, दोन तपासण्यांत ७ ते १० टक्क्यांनी खालीवर होऊ शकते. म्हणून १२० चे १२५ झाले तर घाबरू नये आणि १२० चे ११५ झाले तर खोबरेलाचे गुणही गाऊ नयेत. वीस-पंचवीसचा फरक पडला तर मात्र तेल थांबवून आणखी आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. आकडा अचानक फार वाढलेला असेल तर थायरॉइडचीही तपासणी करावी, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते.

पुढील लोकांनी हा प्रयोग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे: ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, ज्यांचे एलडीएल १६० च्या वर आहे, आणि ज्यांच्या वडिलांना, काकांना किंवा भावाला पन्नाशीच्या आतबाहेर हृदयविकार झाला आहे. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल तर तो आनुवंशिक दोष असू शकतो; तेथे कोणत्याही तेलाचा उपाय चालत नाही आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. चालू गोळी स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नये.

खोबरेलाऐवजी आपल्या घरात काय आहे

एलडीएल खाली आणण्यासाठी ज्या पदार्थांना माणसांवरील चाचण्यांचा आधार आहे, त्यांतील काही आपल्या बरणीत आधीपासून आहेत. रोज एक वाटी, म्हणजे सुमारे १३० ग्रॅम, शिजवलेली डाळ किंवा कडधान्य खाल्ल्याने एलडीएल सरासरी ५ टक्क्यांनी उतरते, असे २०१४ मध्ये २६ चाचण्यांच्या आढाव्यात दिसले. तुरीचे घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, हुलग्याचे माडगे यांतील जे आवडेल ते घ्यावे, पण ते पातळ पाणी नसावे. जवस दळून किंवा कुटूनच खावे, कारण अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. मंद आचेवर हलके भाजून, लाल मिरची, लसूण आणि बेताचे मीठ घालून केलेली चटणी भाकरीसोबत रोज एक मोठा चमचा पुरते. जवसाचे तेल मात्र तापवू नये आणि कढईत तर मुळीच घालू नये.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले आहेत. रब्बी ज्वारीसोबत करडईचे पाटे घेणारे शेतकरी आजही आहेत, तरी पेरा मागील पिढीच्या तुलनेत पुष्कळ घटला आहे. ज्यांना घाण्याचेच तेल हवे आहे त्यांनी आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याची करडई घेऊन ती डोळ्यांदेखत गाळून घ्यावी, थोडे थोडे आणावे आणि अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवावे. उन्हाळ्यात ४२ अंशांच्या उष्णतेत असे तेल लवकर खवट होते. हे तेल फोडणीसाठी वापरावे, तळणासाठी शेंगदाण्याचे घ्यावे, आणि एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

खाण्यासाठी खोबरेल विकत घेताना मात्र एक गोष्ट तपासावी. लहान बाटल्यांतील शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणून गणले जाऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये करविषयक खटल्यात दिला. डोक्याला लावण्यासाठी घेतलेल्या बाटलीवरही ‘खाद्य’ हा शब्द आणि हिरवा ठिपका दिसतो. तो पाहून ‘कंपनीच खायला सांगते’ असा अर्थ काढू नये. सुगंध, आवळा किंवा जास्वंद मिसळलेले केशतेल तर खाण्यासाठी नसतेच.

मामांकडे दीड लिटर खोबरेल उरले होते. ते मामींनी थंडीत टाचांच्या भेगांना आणि नातवाच्या कोरड्या, खाजऱ्या कातडीला लावण्यासाठी ठेवले. व्हर्जिन खोबरेल त्वचेवर लावल्याने सौम्य ते मध्यम इसब असलेल्या मुलांची कातडी सुधारते, असे चाचण्यांत दिसलेले आहे; ओल्या, चिघळलेल्या जखमेवर मात्र ते लावू नये. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग किंचित ओलसर असतानाच ते लावावे आणि एका वेळी एक चमचाभर पुरेसे होते.